सिड बॅरेट: कधीच न लपलेल्या माणसाचा शोध

२८ नोव्हेंबर २००६ रोजी केंब्रिजमधल्या शेफिन्स या लिलावघरात एका एकट्या राहणाऱ्या माणसाच्या घरातलं सामान विक्रीला निघालं. माणूस जुलैमध्ये वारला होता, वय साठ. सामानात चित्रं होती, कात्रणवह्या होत्या, सायकली होत्या, रोजच्या वापरातल्या आणि त्याने स्वतःच रंगवलेल्या वस्तू होत्या. एरवी यातलं बरंचसं भंगारवाल्याने वजनावर नेलं असतं. इथे सगळं मिळून सुमारे १ लाख २० हजार पौंड आले आणि ते धर्मादाय कामाला गेले. सायकलींवर बोली लावणाऱ्यांपैकी बहुतेकांना हेही ठाऊक असणार, की या माणसाच्या पहिल्या अल्बममधल्या शेवटच्या गाण्याचं नाव ‘बाइक’ आहे.

शेजाऱ्यांच्या लेखी तो रॉजर बॅरेट. जगाच्या लेखी सिड बॅरेट, पिंक फ्लॉइड या बँडचा पहिला गायक, गिटारवादक आणि गीतकार. बँडचं बारसंही त्यानेच केलं. पिंक अँडरसन आणि फ्लॉइड कौन्सिल या दोन अमेरिकी ब्लूज गायकांची पहिली नावं त्याने जोडली, आणि आज कॉलेजच्या पोरांच्या टी-शर्टांवर दिसतं ते नाव तयार झालं. त्याच्या हयातीत रीतसर बाहेर आलेलं काम तसं थोडकंच: बँडबरोबर एक पूर्ण अल्बम, दुसऱ्यात थोडा वाटा, काही सिंगल्स, मग एकट्याचे दोन अल्बम. १९८८मध्ये कंपनीने उरलीसुरली रेकॉर्डिंग्ज ‘ओपल’ या नावाने काढली, पण तीही जुनीच. खरं काम १९६७ ते १९७० या काळातलं. त्यानंतर तो छत्तीस वर्षं जगला.

सिडवर लिहिताना ‘अज्ञातवास’ हा शब्द हमखास येतो. पण हा कसला अज्ञातवास? तो जन्मगावी राहत होता, जन्माच्या नावाने राहत होता, सायकलवरून बाजारहाट करत होता. कट्टर चाहत्यांना त्याचा पत्ता पाठ होता. त्याला शोधणं कधीच अवघड नव्हतं. सापडल्यावर त्याच्याकडून काहीच मिळत नव्हतं, आणि हे लोकांच्या गळी उतरत नव्हतं. माझ्या मते हे सगळं प्रकरण त्या न उतरण्याचं आहे.

काम काय होतं

जन्म ६ जानेवारी १९४६, केंब्रिज. वडील पॅथॉलॉजिस्ट. पाच भावंडांतला हा चौथा, आणि धाकटी बहीण रोझमेरी. डिसेंबर १९६१मध्ये वडील गेले तेव्हा तो सोळाचाही नव्हता. पुढे बँडमध्ये दिसणारे दोघे त्याला इथेच भेटले: रॉजर वॉटर्स त्याच्याच शाळेत वरच्या वर्गात होता, डेव्हिड गिलमोर पुढे गावातल्या तंत्रनिकेतनात भेटला. १९६४मध्ये सिड चित्रकला शिकायला लंडनच्या कॅम्बरवेल कला महाविद्यालयात गेला. तो चित्रकार व्हायला निघाला होता आणि वाटेत त्याला गाणं लागलं. हा क्रम ध्यानात ठेवायला हवा, कारण आयुष्याच्या शेवटी तो पुन्हा चित्रांकडेच गेलेला दिसतो.

त्याच सुमारास केंब्रिजच्या मित्रमंडळीत पंजाबातल्या बियासच्या राधास्वामी सत्संगाचं वेड शिरलं होतं. महाराज चरणसिंग लंडनला आले तेव्हा सिडनेही दीक्षा मागितली. आधी शिक्षण पुरं कर, असं सांगून त्यांनी त्याला परत पाठवलं. मित्रांपैकी काहींनी नंतर सांगितलं, की हा नकार त्याला फार लागला. चरित्रकार या प्रसंगावर पानंच्या पानं खर्च करतात. मला त्यातून एवढंच कळतं, की विशीतला हा मुलगा बऱ्याच दारांवर टकटक करत होता.

डिसेंबर १९६६मध्ये लंडनच्या टॉटनहॅम कोर्ट रोडवर यूएफओ क्लब सुरू झाला आणि पिंक फ्लॉइड हा जणू तिथला घरचा बँड झाला. पडद्यावर रंगीत तेलांचे ओघळ सरकत असायचे आणि सिड गिटारच्या तारांवर सिगारेट लायटर घासून, आवाज प्रतिध्वनीच्या यंत्रातून काढून, सूर कुठल्या कुठे नेत असायचा. मार्च १९६७मध्ये ‘आर्नल्ड लेन’ आलं. दोरीवर वाळत घातलेले बायकांचे कपडे चोरणाऱ्या माणसाचं गाणं. मूळ घटना केंब्रिजमधल्याच: सिडची आणि वॉटर्सची आई विद्यार्थिनींना खोल्या भाड्याने द्यायच्या आणि त्या मुलींचे कपडे खरोखर चोरीला जायचे. रेडिओ लंडनने गाण्यावर बंदी घातली, त्यामुळे व्हायचा तो गाजावाजा झालाच. जूनमध्ये ‘सी एमिली प्ले’ ब्रिटिश यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत गेलं. ऑगस्टमध्ये पहिला अल्बम आला, ‘द पायपर अ‍ॅट द गेट्स ऑफ डॉन’. तो अ‍ॅबी रोडमध्ये ध्वनिमुद्रित होत होता तेव्हा शेजारच्या स्टुडिओत बीटल्स ‘सार्जंट पेपर’ करत होते.

या अल्बममध्ये अंतराळ आहे, मांजर आहे, बुटका बोना आहे, बुजगावणं आहे. रॉक गायचं म्हणजे अमेरिकी उच्चारांची नक्कल करायची, अशी तेव्हाची रीत. सिड चहा पिता पिता बोलावं तशा आपल्या इंग्लिश बोलीत गायला. डेव्हिड बोवीने हे ऋण पुढे मोकळेपणाने मान्य केलं आणि १९७३मध्ये ‘सी एमिली प्ले’ स्वतः गायलंही.

मग वर्षाअखेरपर्यंत सगळं उसवलं. एलएसडीची नशा भरपूर होतीच, पण तिने काय बिघडवलं आणि मुळात काय बिघडलेलं होतं, याचा निकाल डॉक्टरांनीही दिलेला नाही. मी तो देणार नाही. नोंदवण्यासारखी गोष्ट ही, की प्रसिद्धीचा कंटाळा आजाराच्या खुणा ठळक व्हायच्या आधीपासून दिसतो. ‘सी एमिली प्ले’ गाजत असताना ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या टीव्ही कार्यक्रमात पुन्हा पुन्हा जायला तो नाखूश होता. जॉन लेननला जावं लागत नाही, मग मी का जाऊ, असं म्हणाला म्हणे. नोव्हेंबरमधल्या अमेरिका दौऱ्यात तर तो कॅमेऱ्यासमोर नुसता उभा राहायला लागला. गिलमोरला मदतीला घेतलं, काही कार्यक्रम पाच जणांनी केले. जानेवारी १९६८मध्ये साउथॅम्प्टनच्या कार्यक्रमाला निघताना गाडीत कुणीतरी विचारलं, सिडला घ्यायचं का? उत्तर आलं, नको. कसलं भांडण नाही, बैठक नाही, पत्र नाही. एप्रिलमध्ये रीतसर जाहीर झालं. गंमत म्हणजे बँडचे दोन्ही व्यवस्थापक, पीटर जेनर आणि अँड्र्यू किंग, सिडबरोबर गेले. पुढचा पैसा या मुलाच्याच गाण्यांत आहे, असा त्यांचा हिशेब होता.

एकट्याचे दोन अल्बम १९७०मध्ये आले. दोन्हींना जुन्या सहकाऱ्यांनीच हात दिला, दुसरा तर गिलमोरने बँडमधल्याच रिचर्ड राइटच्या साथीने तडीस नेला. त्याच वर्षी जूनमध्ये लंडनच्या ऑलिंपिया सभागृहात सिड चार गाणी वाजवून व्यासपीठावरून निघून गेला. १९७२मध्ये केंब्रिजमध्ये ‘स्टार्स’ नावाचा बँड जमला, तिथल्या कॉर्न एक्स्चेंजमध्ये वाजवला, ‘मेलडी मेकर’मध्ये वाईट परीक्षण आलं आणि सिडने तो नाद सोडला. १९७४मध्ये जेनरने त्याला पुन्हा स्टुडिओत बसवून पाहिलं. कामाचं काहीच हाती लागलं नाही. संगीतकार सिड बॅरेट तिथे संपतो.

कहाणी कुणी वाढवली

१९७२मध्येच त्याच्या चाहत्यांची एक संस्था स्थापन झाली आणि ‘टेरापिन’ नावाचं हौशी मासिक निघू लागलं. माणूस काही करेनासा झाला त्याच वर्षी त्याच्यावर नियतकालिक सुरू होतं, यातच पुढचं सगळं आलं. काही वर्षांनी ते बंद पडलं. कारण देण्यात आलं ते असं, की सिडचा तुटवडा आहे. बातमी द्यायला नायकाने काहीतरी करायला तर हवं!

नायक काही करत नसेल तर जुनंच पुन्हा रंगवून सांगता येतं. एप्रिल १९७४मध्ये ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ या साप्ताहिकात निक केंट या पत्रकाराचा लांबलचक लेख आला आणि वेडा प्रतिभावंत सिड ही मूर्ती तिथे पक्की झाली. मँड्रॅक्स या झोपेच्या गोळ्यांचा चुरा ब्रिलक्रीममध्ये कालवून सिड तो डोक्याला चोपडून रंगमंचावर गेला आणि दिव्यांच्या उष्णतेने ते चेहऱ्यावर ओघळू लागलं, चेहरा मेणबत्तीसारखा वितळतोय असं वाटलं, ही गोष्ट पिंक फ्लॉइड ऐकणाऱ्या कुणालाही विचारा, तो सांगेल. तिच्या आवृत्त्या एकमेकींशी जुळत नाहीत. कुणी गोळ्या सांगतो, कुणी नुसतं ब्रिलक्रीम. रॉब चॅपमन या चरित्रकाराने २०१०मध्ये अशा एकेका गोष्टीचा माग काढला तेव्हा बऱ्याच गोष्टी तिसऱ्या-चौथ्या तोंडून आलेल्या निघाल्या. तरी ती कथा मरत नाही. मरणार कशी? तिच्यात एक चित्र आहे, आणि चित्र खोडायला दुसरं चित्र लागतं. ‘त्याला हे काम नकोसं झालं’ या वाक्यात पाहण्यासारखं काहीच नाही.

पण पत्रकारांना आणि हौशी मंडळींना दोष देऊन भागत नाही. सिडच्या दंतकथेचा सगळ्यांत मोठा कारखाना त्याच्या जुन्या बँडनेच चालवला. १९७५चा ‘विश यू वेअर हिअर’ हा अल्बम बराचसा त्याच्या नसण्याभोवती रचलेला आहे. त्यातलं ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ हे तर सरळ त्याच्यासाठीच. त्याच्याच कामाच्या वेळी, जून १९७५मध्ये, अ‍ॅबी रोडमध्ये एक लठ्ठ, टक्कल आणि भुवया भादरलेला माणूस येऊन उभा राहिला आणि बराच वेळ कुणीच त्याला ओळखलं नाही. तो सिड होता. ही घटना मात्र खरी. त्या भेटीतला एक फोटोही आहे, ड्रमर निक मेसनच्या आठवणींच्या पुस्तकात छापलेला. पुढे ‘द वॉल’ या अल्बममधल्या नायकात वॉटर्सने थोडा स्वतःला आणि थोडा सिडला घातलं. १९८२च्या चित्रपटात तो नायक आरशासमोर भुवया काढतो, ते कुठून आलं हे सांगायला नको.

मित्रांचं दुःख खरं नव्हतं, असं मी म्हणत नाही. वॉटर्स आणि गिलमोर दोघेही त्याच्याबद्दल बोलताना आजही अवघडतात. पण त्या दुःखाच्या कोट्यवधी प्रती खपल्या, आणि प्रत्येक प्रतीबरोबर एक नवा चाहता केंब्रिजकडे वळला, हेही खरंच.

आपल्याकडचा श्रोता या वाटेने कसा जातो ते पाहण्यासारखं आहे. मुंबई-पुण्यात पिंक फ्लॉइड म्हणजे आधी ‘द वॉल’, मग ‘डार्क साइड’, मग ‘विश यू वेअर हिअर’. वॉटर्स फेब्रुवारी २००७मध्ये मुंबईत येऊन गेला तो ‘डार्क साइड’ घेऊनच. सिड जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. या क्रमाने ऐकणाऱ्याला सिड आधी शोकगीतातून कळतो आणि गाण्यांतून फार उशिरा. मग तो ‘पायपर’ लावतो आणि गोंधळतो. इतका विनोद? बोने, मांजरं, उखाण्यांसारख्या ओळी? मी ओळखीच्या नव्या श्रोत्यांना आधी ‘पायपर’ ऐकवतो, बाकीची कहाणी न सांगता. बहुतेकांना तो माणूस मजेदार वाटतो, केविलवाणा अजिबात नाही.

दारापर्यंत आलेले

लंडनमध्ये काही वर्षं काढून सिड ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला कायमचा केंब्रिजला आला, आईकडे. सिड हे नाव टाकून दिलं, रॉजर झाला. १९८१मध्ये टेलिव्हिजन पर्सनॅलिटीज नावाच्या एका लंडनच्या बँडने गाणं काढलं, त्याचं नावच ‘आय नो व्हेअर सिड बॅरेट लिव्ह्ज’: सिड कुठे राहतो ते मला माहीत आहे. गाणं तसं निरागस आहे, चहा-बिस्किटांचं. पण १९८४मध्ये हा बँड गिलमोरच्या कार्यक्रमाआधी वाजवत असताना गायकाने व्यासपीठावरून सिडचा खरा पत्ता वाचून दाखवला, आणि त्यांची दौऱ्यातून हकालपट्टी झाली. खोड्या आणि छळ यांच्यातली रेष तिथे ओलांडली गेली. निरागस गाणं गाणाऱ्यालाच ती दिसली नाही.

१९८२मध्ये ‘अ‍ॅक्चुएल’ या फ्रेंच मासिकाचे दोघे त्याच्या दारात उभे राहिले. लंडनच्या जुन्या फ्लॅटवर त्याचे काही कपडे राहिले होते, ते परत करायला आलोय असं निमित्त काढलं. तो बाहेर आला, पिशवी घेतली, दोन-चार प्रश्नांना तुटक उत्तरं दिली, आणि फोटो निघाला. ही त्याची शेवटची मुलाखत म्हणून आजही सांगितली जाते. मी हिला मुलाखत म्हणणार नाही. एका माणसाने आपले धुवायचे कपडे परत घेतले, एवढंच तिथे घडलं.

नंतरच्या वर्षांत हे चालूच राहिलं. सायकलवर, हातात पिशवी, अंगावर साधा शर्ट असे लांबून काढलेले फोटो वर्तमानपत्रांत यायचे आणि खाली मथळा असायचा, पाहा एकेकाळचा देखणा सिड आता कसा दिसतो. पन्नाशीतला मधुमेही माणूस पन्नाशीतल्या मधुमेही माणसासारखा दिसतो, यात बातमी कसली? पण चाहत्यांच्या मनातला सिड एकवीस वर्षांचा होता आणि त्याने तिथेच थांबावं अशी अपेक्षा होती. रॉकमध्ये तरुणपणी मेलेले बरेच आहेत. त्यांचे चाहते थडग्यावर फुलं वाहून घरी जातात. सिडच्या चाहत्यांची अडचण ही, की त्यांचं थडगं दुकानात भाजी घेताना दिसायचं.

येणारे सगळे टवाळ नव्हते. बरेच जण प्रेमाने यायचे, लांबून यायचे, हातात रेकॉर्ड घेऊन. दार वाजवायचं, आभार मानायचे, जमलं तर सही घ्यायची. प्रत्येकाला वाटायचं, आपण एकदाच तर आलोय, एका मिनिटाचं काम. दाराआडच्या माणसाच्या बाजूने मोजलं तर ते एक मिनिट पंचवीस वर्षं चाललं. कधी तो दार उघडायचाच नाही, कधी उघडून सांगायचा की सिड इथे राहत नाही. हे दुसरं उत्तर वेडाचा पुरावा म्हणून फार वेळा छापलं गेलं. मला ते त्याने दिलेलं सर्वांत नेमकं उत्तर वाटतं.

त्याच्याभोवती कुंपण घातलं ते रोझमेरीने. आई १९९१मध्ये वारली, त्यानंतर बहीण हाच त्याचा जगाशी दुवा. पिंक फ्लॉइडची आठवण काढली की त्याला दिवसेंदिवस त्रास होतो, असं घरच्यांनी स्पष्ट कळवलं होतं. जुने मित्र त्यामुळे दूर राहिले. गिलमोरने पुढे कबूल केलं, की तो सल्ला मानला आणि कधीच दार वाजवलं नाही, याची खंत वाटते. त्याने दुसऱ्या वाटेने मात्र बरंच केलं. सिडच्या रॉयल्टीचे पैसे त्याच्यापर्यंत नीट पोचताहेत ना, यावर लक्ष ठेवलं. २००१मध्ये ‘एकोज’ हा संग्रह निघाला त्यात सिडची पाच गाणी आहेत. एकच पूर्ण अल्बम केलेल्या माणसाला दोन तबकड्यांच्या संग्रहात पाच गाणी, म्हणजे मोठा वाटा. मेल्यानंतर सिडची मालमत्ता सुमारे १७ लाख पौंडांची असल्याच्या बातम्या आल्या. या प्रकरणात गिलमोर हाच एक चाहता मला असा दिसतो, ज्याने काही मागितलं नाही आणि काहीतरी पोचवलं.

शेवटच्या काळात सिड जरा सैलावला होता, असं म्हणायला दोन गोष्टी आहेत. नोव्हेंबर २००१मध्ये बीबीसीने त्याच्यावरचा माहितीपट दाखवला, तो त्याने बहिणीच्या घरी बसून पाहिला. गोंगाट फार आहे म्हणाला. पण माइक लेनर्ड पडद्यावर दिसल्यावर खूश झाला. हा बँडचा सुरुवातीचा घरमालक, सिड त्याला आपला गुरू मानायचा. ‘सी एमिली प्ले’ही त्याला आवडलं. पुढच्या वर्षी छायाचित्रकार मिक रॉकच्या पुस्तकाच्या ३२० प्रतींवर त्याने सह्या केल्या. सही नुसती ‘बॅरेट’. ना सिड, ना रॉजर. याच मिक रॉकला १९७१मध्ये दिलेल्या मुलाखतीत तो म्हणाला होता, की माझ्याविषयी बोलणं सोपं नाही, माझं डोकं फार अनियमित आहे, आणि तुम्हाला मी जो कोणी वाटतो तो मी नाहीच. यानंतर पस्तीस वर्षं लोकांनी त्याला विचारलं, तू कोण आहेस?

वेडा की सुखी

मृत्यूनंतर चित्र पालटलं. रोझमेरीने मुलाखतीत सांगितलं, की त्याला मानसिक आजाराचं ठाम निदान कधी झालं नाही, औषधोपचारही चालू नव्हते. एसेक्समधल्या एका निवासी केंद्रात तो काही काळ राहिला होता, आणि डॉक्टरांना औषधांची गरज वाटली नव्हती. तो बागकाम करायचा, लाकूडकाम करायचा, कलेच्या इतिहासावर स्वतःपुरतं लिहायचा, मोठमोठी चित्रं काढायचा. चित्र झालं की त्याचा फोटो काढायचा आणि चित्र नष्ट करायचा.

हे वाचून बऱ्याच चाहत्यांनी एका टोकावरून दुसरं टोक गाठलं. कालपर्यंत जळून गेलेला वेडा होता, आता निवांत बागेत रमलेला ऋषी झाला. चॅपमनचं पुस्तकही, मला कितीही आवडलं तरी, या दुसऱ्या बाजूला झुकलेलं आहे. मला दोन्ही नको आहेत. १९६७ ते १९७५मध्ये त्याच्यासोबत राहिलेल्या अनेकांनी फार विस्कटलेला, कधी कधी भीती वाटावी असा माणूस पाहिला होता, आणि ते सगळे खोटं बोलत नव्हते. अ‍ॅबी रोडमधला तो फोटो कुणा सुखी माळ्याचा नाही. वॉटर्सने त्याला शेवटचं पाहिलं ते हॅरॉड्स या दुकानात, आणि वॉटर्सला पाहताच तो हातातल्या पिशव्या टाकून पळाला. पिशव्यांत गोळ्या-चॉकलेटं होती. दुसरीकडे, बहीण भावाविषयी बोलते तेव्हा ती त्याची अब्रूही सांभाळत असते. कुठलीही बहीण हेच करील. तिची साक्ष वजनाची आहे, पण एकमेव नाही.

चित्रं जाळण्याबद्दल मात्र चाहत्यांचं आणि त्याचं गणितच वेगळं होतं. चाहत्याचं सगळं विश्व जपण्यावर उभं: दुर्मिळ रेकॉर्ड, न आलेली गाणी, मैफलीची खराब कॅसेट, सही. सिडला काम करण्यात रस होता आणि झालेलं काम ठेवण्यात नव्हता. जाळलेल्या चित्रांबद्दल लोक हळहळतात तेव्हा ती हळहळ त्यांची स्वतःची असते. त्याची तशी काही तक्रार असल्याचं कुठे आढळत नाही.

त्याच्यामागे

तो ७ जुलै २००६ रोजी स्वादुपिंडाच्या कर्करोगाने गेला. घर विक्रीला निघालं तेव्हा शंभराहून जास्त जण ते पाहायला आले, त्यातले कित्येक फक्त चाहते. शेवटी एका फ्रेंच जोडप्याने घेतलं, त्यांना सिड बॅरेट कोण हे म्हणे माहीतही नव्हतं. मे २००७मध्ये लंडनच्या बार्बिकनमध्ये त्याच्या स्मरणार्थ मैफल झाली. वॉटर्स आला, गिलमोर, राइट आणि मेसनही आले, पण वॉटर्स वेगळा वाजवून गेला आणि ते तिघे वेगळे. २०१६मध्ये केंब्रिजच्या कॉर्न एक्स्चेंजमध्ये त्याचं स्मारक बसवलं. २०२३मध्ये स्टॉर्म थॉर्गरसन या त्याच्या लहानपणच्या मित्राने सुरू केलेला माहितीपट आला, तोवर स्वतः थॉर्गरसनला जाऊन दहा वर्षं झाली होती.

आणि २०१६च्या ‘द अर्ली इयर्स’ या मोठ्या संचात ‘व्हेजिटेबल मॅन’ रीतसर प्रकाशित झालं. १९६७च्या शरदातलं हे गाणं, त्यात सिड आपल्या अंगावरच्या कपड्यांचं वर्णन करत करत स्वतःची टर उडवतो. बँडने ते दडवून ठेवलं होतं, कोसळणाऱ्या माणसाचं इतकं उघडं चित्र बाजारात आणू नये म्हणून. जेनरचं मत उलटं होतं. मधल्या जवळपास पन्नास वर्षांत ते चोरट्या कॅसेटींवर आणि मग इंटरनेटवर हजारोंनी ऐकलं.

मला जेनरचं पटतं. गाणं त्याने लिहिलं, स्टुडिओत जाऊन माइकसमोर गायलं, लोकांनी ऐकावं म्हणूनच. ते कितीही अस्वस्थ करणारं असलं तरी ते त्याचं काम आहे. कात्रणवह्यांबद्दल मी हे म्हणणार नाही. त्या त्याने कुणाला दाखवायला केल्या नव्हत्या. घरच्यांनी त्या चांगल्या कामासाठी विकल्या, त्यांना तो हक्क होता, आणि विकत घेणाऱ्यांनी त्या प्रेमाने जपल्याही असतील. तरी त्यांची पानं कुणी दाखवायला पुढे केली, तर मी आधी गाणं लावायला सांगेन.